दारात कण्हेर, शेडवर बेदाणा आणि घरात कुत्रं: काय काय बघून ठेवायचं

आमची चिंगी म्हणजे गावठी कुत्री, वजन चौदा किलो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिला घेऊन मामाच्या बेदाणा शेडवर (द्राक्षं रॅकवर वाळवतात तिथं) गेलो होतो, तासगावच्या पुढं. रॅकखाली बेदाणा सांडलेला असतोच, चिंगी फिरत फिरत एकेक टिपत होती आणि मी बघत उभी होते, वर हसतपण होते. मामा म्हणाला, "खाऊ दे गं, इथली कुत्री रोज खात्यात, काय हुतंय त्यानं." रात्री सांगलीला परत आलो, साडेअकराला तिनं पहिली उलटी केली आणि त्यात फुगलेले बेदाणे अख्खेच्या अख्खे. मला वाटलं चला, पडलं बाहेर, आता बरं वाटेल, आणि मी फरशी पुसून झोपले. पहाटेपर्यंत अजून चार उलट्या झाल्या, नंतर कोपऱ्यात जाऊन पडली ती पाण्याकडंसुद्धा बघेना. सकाळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर आलं होतं. तीन दिवस सलाईन चाललं, वाचली. डॉक्टर रागावले नाहीत, पण एक विचारलं, "ताई, उलटीत बेदाणा दिसला तेव्हाच फोन का नाही केला?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी घर, दार, मळा सगळं नव्यानं बघायला लागले, डॉक्टरांना विचारून विचारून यादी केली, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कुत्र्याला मारणारी झाडं रानात कुठंतरी लांब नसतात. ती आपण पूजेसाठी, शोभेसाठी, औषधासाठी हौसेनं लावलेली असतात, नाहीतर ज्यांच्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव चालतं ती पिकं असतात. म्हणून तर कुणाला संशय येत नाही. खाली मी जे केलं ते क्रमानं लिहितेय, तुम्ही रविवारी एक सकाळ काढली तर सगळं होतंय.

पायरी १: कुत्र्याच्या उंचीवरनं घराला एक फेरी मारा

खरंच खाली बसून मारा, लोक हसले तरी चालतील. उभं राहून बघितलं की आपल्याला फुलं दिसतात, खाली बसलं की खाली पडलेल्या बिया, शेंगा, वाळलेली पानं दिसतात, आणि कुत्रं खातं ते नेमकं हेच. अंगण, गच्ची, जिन्याखालच्या कुंड्या, परसदार, कंपाउंडच्या बाहेर गटाराकडंला उगवलेलं, शेजाऱ्यांची भिंतीवरनं आत आलेली फांदी, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा. पान, फूल, फळ असे तीन फोटो. नाव माहीत नसलं तर नर्सरीवाल्याला दाखवा, पण नर्सरीत एकाच झाडाला तीन तीन नावं असतात, त्यामुळं फोटो डॉक्टरांनापण पाठवून ठेवा.

पिल्लू घरात असेल तर ही फेरी आजच मारा. तीन ते सात महिन्यांची पिल्लं दात येत असताना काहीही चावतात, चप्पल चावली तर दोनशे रुपये जातात, सायकस नावाच्या शोभेच्या झाडाची बी चावली तर पिल्लूच जातं.

पायरी २: जिवावर बेतणारी झाडं आधी वेगळी काढा

सगळी झाडं सारखी विषारी नसतात, त्यामुळं घाबरून अख्खी बाग उपटू नका. ह्या पायरीतली मात्र हसण्यावारी न्यायची नाहीत.

कण्हेर. लाल, गुलाबी, पांढरी कुठलीही असो, पान, फूल, साल, मूळ, वाळका पाचोळासुद्धा विषारी. ह्यातलं विष सरळ हृदयावर जातं. आधी लाळ, उलटी, जुलाब, मग ठोके मंदावतात नाहीतर वेडेवाकडे पडायला लागतात. फुलदाणीत कण्हेर ठेवली असेल तर ते पाणीपण कुत्र्याला मिळता कामा नये. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, ती त्याच घराण्यातली, तिच्या बिया घेऊन आम्ही लहानपणी खेळायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो. आजकाल गच्चीवर जाड बुंध्याचं अडेनियम ठेवायची फॅशन आहे, त्याचंही काम असंच हृदयावर. आणि पानफुटी, मुतखड्यावर म्हणून लोक कुंडीत लावतात ती, तिच्यातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

सायकस. बंगल्यासमोर, मंगल कार्यालयाबाहेर, लॉनच्या मधोमध जे लहान ताडासारखं कडक पानांचं झाड असतं ते. माझ्या मते सगळ्यात फसवं झाड हे, कारण दिसायला महाग आणि सभ्य. सगळं झाडच विषारी, पण मादी झाडाच्या मधोमध येणाऱ्या केशरी लालसर बिया सगळ्यात वाईट, एकदोन बियांनीसुद्धा कुत्रं जाऊ शकतं. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि दोनतीन दिवसांनी लिव्हर जातं, डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसतात. त्या मधल्या "बरं वाटतंय"मध्येच लोक फसतात आणि दवाखाना टाळतात.

एरंड आणि गुंज. दोन्हीचं गणित एकच आहे, बी अख्खी गिळली तर कडक कवचामुळं कधी कधी तशीच बाहेर पडते, चावली की खेळ सुरू. लक्षणं यायला काही तास लागतात, कधी दोन दिवसपण, मग रक्ताचे जुलाब. गुंजा काही घरात देवाजवळ, जुन्या डब्यात, दागिन्यांच्या पेटीत असतात, पूर्वी सोनार वजनाला वापरायचे त्याच. बांधावर कुंपणाला लावलेला मोगली एरंड वेगळा, त्याच्या बियांनीही भयंकर उलट्या होतात.

एरंडाबद्दल अजून एक, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सेंद्रिय खत म्हणून एरंडीची पेंड मिळते. तेल काढून राहिलेल्या पेंडीत विष राहू शकतं, आणि पेंडीचा वास कुत्र्याला खाण्यासारखा वाटतो. त्यात कुणी बोनमील म्हणजे हाडांची पूड मिसळून गुलाबाच्या आळ्यात टाकलं की संपलंच, कुत्रं आळं उकरून माती चाटतं. कुत्रं असलेल्या घरात एरंडी पेंड आणूच नका, निंबोळी पेंड किंवा नुसतं गांडूळ खत वापरा, आणि पोती झाकून वर ठेवा.

धोत्रा. उकिरड्यावर, रस्त्याकडंला आपोआप येतो, काटेरी बोंड. बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं, अंग तापतं, नाडी पळते, कुत्रं हवेत काहीतरी दिसल्यासारखं भुंकतं, भिंतीला धडकतं. लोकांना वाटतं पिसाळलं, आणि मग त्याला जवळ घ्यायलाच कुणी तयार होत नाही. पिसाळल्याची शंका आली तर हात लावू नकाच, पण धोत्र्याचं बोंड कुरतडलेलं दिसतंय का तेवढं बघून डॉक्टरांना सांगा.

कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर, झुडपात चढणारी वेल, पिवळ्या-लाल ज्वाळेसारखी फुलं. साताऱ्याकडं डोंगराला लागून राहणाऱ्यांनी तर हिला ओळखूनच ठेवावं. सगळी वेल विषारी, कंद सगळ्यात जास्त, आणि कुत्र्याला उकरायची हौस किती असते ते मी सांगायला नको.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो आणि पोटात गेला तर हृदयाला त्रास. शेर, थोर, निवडुंगाच्या जातीतले चीकवाले त्यांचंही डोळ्याचं तेच.

पायरी ३: त्रासदायक पण सहसा जीव न घेणारी

ही लवकर सांगते. अळू, मनी प्लांट, डिफेनबेकिया, पीस लिली, झेडझेड प्लांट ह्यांच्या पानात सुईसारखे बारीक खडे असतात, ते तोंडात टोचतात. कुत्रं पंज्यानं तोंड घासतं, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. तोंड थंड पाण्यानं धुवा, चमचाभर गार दही द्या, बहुतेक वेळा काही तासात उतरतं. घसा सुजून श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर मात्र थांबू नका. कोरफडीचा पिवळा चीक जुलाब करतो. घाणेरीची हिरवी फळं उलट्या करतात. गवती चहा, ओव्याचं पान कुंडीतनं ओरबाडून खाल्लं तर पोट बिघडतं.

सदाफुली जिवावर बेतणारी आणि नुसती त्रासदायक ह्या दोन्हींच्या मधे कुठंतरी बसते, थोडंसं पान खाल्लं तर पोटावर निभावतं, जास्त खाल्लं तर मज्जासंस्थेपर्यंत जातं. गंमत म्हणजे भटक्या कुत्र्यांना जो लैंगिक मार्गानं पसरणारा ट्यूमर होतो त्याच्यावर डॉक्टर विन्क्रिस्टीनचं इंजेक्शन देतात आणि ते औषध मुळात सदाफुलीतनंच काढलेलं. औषध आणि विष ह्यात फरक किती घेतलं एवढाच, आणि कुत्र्याला मोजून खाता येत नाही.

पायरी ४: स्वयंपाकघर, आणि इथं आपण साताऱ्या-सांगलीचे लोक हमखास चुकतो

आपल्याकडं कुत्र्याला काय घालतात? रात्रीची भाकरी, त्यावर उरलेला रस्सा. रविवारचा असेल तर चिकनचा, मटणाचा, आणि त्यात कांदा लसूण मसाला पोत्यानं पडलेला. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, तळलेला असो, वाळवून पूड केलेला असो, विष तेवढंच, उलट वाळल्यावर चमचाभरात जास्त मावतं. लसूण तर कांद्यापेक्षाही जहाल. कांद्याचं प्रमाण सांगायचं तर कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागं १५ ते ३० ग्रॅम एवढ्यात रक्तात फरक दिसायला लागतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे. एका दिवसात एवढं जात नाही हे खरं, पण रोज थोडं थोडं गेलं तरी ते साठत जातं. आणि लक्षणं लगेच येत नाहीत, तीन चार दिवसांनी कुत्रं दमल्यासारखं होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहासारखी काळपट होते. तेव्हा आपण म्हणतो ऊन लागलं असेल.

उपाय एकदम सोपा आहे. फोडणी टाकायच्या आधी दोन पिसेस आणि थोडं पाणी बाजूला काढून घ्या, त्यातच भाकरी कुस्करा. हळद चालते, चिमूटभर हळदीनं काही होत नाही, सांगलीत राहून कुत्र्याला हळद वर्ज्य असं मी काय सांगणार नाही. हाडं शिजवलेली देऊ नका पण तो विषय वेगळा.

आता द्राक्षं आणि बेदाणा. पशुवैद्यांच्या नोंदींमध्ये कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागं साधारण तीन ग्रॅम बेदाण्यावर आणि साधारण वीस ग्रॅम द्राक्षावर किडनी बिघडलेली कुत्री आहेत. म्हणजे चिंगीच्या वजनाला चाळीस बेचाळीस ग्रॅम बेदाणा, एक मूठ. ह्याच्यापेक्षा कमी खाल्लं तर नक्की सुरक्षित, असा आकडा मात्र कुणी देऊ शकत नाही. मग मामाकडची कुत्री रोज खाऊन कशी जगतात? ह्याचं उत्तर २०२१ पासून जरा स्पष्ट झालंय. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की क्रीम ऑफ टार्टर (टार्टरिक ॲसिडचाच क्षार, बेकिंगमध्ये वापरतात) घातलेला, पोरांना खेळायला घरी मळलेला पिठाचा गोळा खाऊन एका कुत्र्याला अगदी द्राक्षासारखीच विषबाधा झाली, आणि मग बोट टार्टरिक ॲसिडकडं वळलं. हे ॲसिड द्राक्षात भरपूर असतं, पण जातीप्रमाणं, पिकण्याप्रमाणं कमीजास्त होतं. म्हणून एका बागेतलं खाऊन काही होत नाही आणि दुसऱ्या बागेतलं खाऊन सलाईन लागतं. शिवाय कुत्र्याकुत्र्यातही फरक असतो. आणि खरं बोलायचं तर तीन दिवसांनी उसात जाऊन मेलेल्या गावच्या कुत्र्याचा संबंध कुणी बेदाण्याशी लावत नाही, सगळे म्हणतात औषध खाल्लं असेल.

पुढचं ऐका. टार्टरिक ॲसिड अजून कशात भरपूर असतं? चिंचेत. चिंच खाऊनही कुत्र्यांच्या किडन्या बिघडल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात. दारात चिंचेचं झाड असेल तर पडलेल्या चिंचा वेचून घ्या, आणि वर्षाची चिंच फोडायला बायका अंगणात बसतात तेव्हा कुत्रं बांधून ठेवा. सत्यनारायणाचा शिरा, पुलाव, बेदाणा घातलेला लाडू, हे कुत्र्याला प्रसाद म्हणून द्यायचं नाही, देव रागावत नाही.

सीताफळाच्या बिया, तंबाखूची पुडी आणि शिवरात्र-होळीची भांग ह्यापण कुत्र्याच्या तोंडापासनं लांब. भांग खाल्लेलं कुत्रं डुलतं, उभ्या उभ्या लघवी गळते, पोरं व्हिडिओ काढतात. व्हिडिओ काढायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

पायरी ५: सणाचं आणि पूजेचं सामान

सांगलीत गणपती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण पत्रीची जुडी घरी आली की तिच्यात धोत्रा, कण्हेर, रुई हे तिघंही असतात हे किती जणांच्या लक्षात येतं? शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ, महाशिवरात्रीला धोत्र्याचं फळ आणि फूल. पूजा होईपर्यंत सगळं देवघरात उंचावर असतं, तोवर ठीक. गडबड निर्माल्यात होते. आमच्या सासूबाई निर्माल्य तुळशी वृंदावनाच्या कडेला ठेवायच्या, भावना चांगली, पण ते चिंगीच्या नाकाच्या बरोबर समोर. मी काही वाद घातला नाही, झाकणाची एक बादली आणली आणि सांगितलं, आई, आजपासनं निर्माल्य ह्यात. त्यांनीच आता बादलीवर "निर्माल्य" असं लिहून ठेवलंय.

पायरी ६: काढायचं काय, ठेवायचं काय

सायकस आणि कण्हेर मी काढून टाकली. सायकस काढायला गड्याचा अर्धा दिवस गेला. कण्हेर तोडताना हातात ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चीक लागला तर लगेच साबणानं धुवायचं. तोडलेल्या फांद्या जाळू नका, धूरपण विषारी असतो, माणसालासुद्धा. शेळ्यांना टाकू नका. वाळलं म्हणजे विष गेलं असं नाही, त्यामुळं ढीग कंपाउंडच्या बाहेर उघड्यावर ठेवून विसरू नका, पोत्यात भरून घंटागाडीवाल्याला सांगून द्या. आठवडाभर रोज बुडाशी पडलेली पानं झाडून घ्या.

काढवत नसेल, कुणाच्या आजीनं लावलेलं असतं, मन होत नाही, तर बुडापासनं हातभर अंतरावर गुडघ्यापेक्षा उंच जाळी मारा आणि फांद्या जमिनीपासनं वर छाटा. कुंड्यातली झाडं लटकवा. हे अर्धवट उपाय आहेत हे मान्य करून करा.

रिकाम्या जागी जास्वंद, गुलाब, मोगरा, तुळस लावा. घरात शोभेला अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न. ही कुत्र्यानं चावली तर फार तर हिरवी उलटी होते.

आणि "सोड" हा एक शब्द शिकवा. तोंडात खेळणं असताना नाकासमोर चिकनचा तुकडा धरायचा, तोंड उघडलं की "सोड" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. दिवसाला पाच मिनिटं, दोन तीन आठवडे. ओरडून, तोंडात हात घालून काढायला गेलं की कुत्रं पटकन गिळून टाकतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

पायरी ७: खाल्लंच, तर पहिला अर्धा तास

हा भाग कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, कारण त्या वेळी मोबाईलवर काही सापडत नाही.

तोंडातलं उरलेलं काढा, कुत्र्याला त्या जागेवरनं आत आणा, घड्याळ बघा. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, ह्या चार गोष्टी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायच्या. "डॉक्टर, चिंगी चौदा किलो, अर्ध्या तासापूर्वी मूठभर बेदाणे खाल्ले, अजून उलटी नाही." बास. लक्षणं यायची वाट बघू नका. खाल्ल्यापासनं साधारण दोन तासाच्या आत डॉक्टर इंजेक्शन देऊन सुरक्षितपणे उलटी काढू शकतात, नंतर पोटातलं आतड्यात उतरतं आणि मग फक्त सलाईन आणि वाट बघणं उरतं. मी हेच दोन तास घालवले होते.

झाडाची फांदी, बी, उलटी झाली असेल तर उलटीसुद्धा पिशवीत भरून सोबत न्या. किळस करू नका.

काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण गल्लीतले चार जण चार उपाय सांगतात. मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, विषापेक्षा उपायानं कुत्रं जायचं. चिंचेचं पाणी तर अजिबात नाही, माणसाची भांग उतरवायला पाजतात तसं कुत्र्याला पाजलं तर वरच सांगितलंय काय होतं ते. तेल, तूप, अंड्याचा बलक ओतून पाजताना श्वासनलिकेत जातं. चुलीतला कोळसा वाटून देऊ नका, डॉक्टर देतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल वेगळा. घशात बोटं घालू नका. चीकवालं झाड खाल्लं असेल, कुत्रं गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर उलटी काढायचा विचारसुद्धा नको. आणि घरातली पॅरासिटामॉल, ॲसिडिटीची गोळी, काही नाही.

गाडीत जाताना दोन गोष्टी तपासता येतात. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा आणि सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदाच्या आत परत यायला पाहिजे. मागच्या पायाच्या मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागते, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. शांत कुत्र्याला मिनिटाला साधारण ६० ते १४० असते, मोठ्या कुत्र्याला कमी, लहानाला जास्त. कण्हेर खाल्लेल्याची ४० वर आली किंवा ठोका चुकत चुकत लागला तर फोनवर सांगा, ते पोचेपर्यंत तयारी करतील. हे कुत्रं धडधाकट असताना एकदा करून बघा म्हणजे हात बसतो.

पायरी ८: कुठं जायचं ते आजच ठरवा

रात्री अकरा वाजता कुठला दवाखाना उघडा असतो, ह्याची चौकशी दुपारी चारला करायची असते. जवळच्या तीन डॉक्टरांचे नंबर सेव्ह करा, त्यातले रात्री फोन उचलणारे कोण ते आधी विचारून घ्या, लाजू नका. गावात असाल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मुख्यतः जनावरं बघतात पण सलाईन लावणं, इंजेक्शन देणं त्यांच्या हातचं आहे, आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबरही सेव्ह करून ठेवा. सातारा जिल्ह्यातल्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे हायवेलाच. लांब पडतं, त्यामुळं जवळच्या डॉक्टरांकडं पहिले उपचार करून, त्यांना विचारून मगच निघा, वाटेत दोन तास घालवू नका.

दवाखान्यात गेल्यावर किडनी आणि लिव्हरच्या रक्त तपासणीचं विचारा. द्राक्ष-बेदाणा-चिंच असेल तर दोन तीन दिवस क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा बघावं लागतं, सायकस असेल तर लिव्हर, कांदा-लसूण असेल तर हिमोग्लोबिन. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी जाऊन निवांत बसू नका, किडनीचा आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. घरी आल्यावर लघवी किती करतंय ते बघत राहा. एकदम कमी झाली तर परत दवाखाना.

मामाच्या शेडवर आता रॅकखाली ताडपत्री अंथरलेली असते आणि रोज संध्याकाळी झाडून घेतात. मामा चिंगीसाठी करतो असं मी दोन दिवस समजत होते, मग कळलं की सांडलेला बेदाणापण किलोवर जातो. काही का असेना, कुत्र्यांच्या तोंडाला लागत नाही एवढं खरं. आणि चिंगी शेडवर आली की ती गाडीतच बसते, खिडकी उघडी, पाण्याचं भांडं पुढं, आणि तिची सगळी नजर त्या ताडपत्रीवर.